टिकलीखालचा दिवा

...अन् वरून मलेच म्हणतात घाबरट! घाबरट नाई तर काय होईन माणूस, तुमीच सांगा बाया हो! अख्खं इंजिन बदललं गाडीचं. अख्खं! जुनं काढून फेकलं, दुसरं बसवलं, ऑइल नवं, पट्टा नवा, पाणी नवं, अन् घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चाबी फिरवली तं समोरच्या काचेत पिवळा दिवा! आता गाडीले आपण बसलो की हळू आवाजात सांगता आलं असतं, "वर्षाली, मले हे हे दुखून राहिलं," तर गोष्ट वेगळी. पण नाई. नुसता दिवा लावते अन् चूप बसते. अगदी आमच्या सासूबाईसारखी.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाई तर तुमी म्हणसान ही बाई कुठची गोष्ट कुठी नेऊन राहिली.

आमी तिवस्याचे. आमची गाडी सात सीटची. आमच्या यायचा, म्हणजे रागिणीच्या पप्पायचा, मंडप डेकोरेशनचा धंदा, म्हणून घेतली. पण सीट सात असल्या तरी धामणगावच्या लग्नाहून येताना आमी अकरा जण होतो, अन् एक कूलर. कूलर काहून होता ते विचारू नका. तर रस्त्यातच गाडीनं जो धूर काढला बाप्पा, जो धूर काढला... पांढरा! मी गब्बूले छातीशी धरून वावरात जाऊन उभी राहिली, पार मधात. हे ओरडून राहिले, "अवो वाफ हाय, आग नाई!" मी म्हटलं, वाफ असो का आग, पोरगं माह्यापाशी हाय, गाडी तुमच्यापाशी हाय, ज्यानं त्यानं आपापलं सांभाळावं.

इंजिन बसलं. म्हणजे बसलं ते उठलंच नाई.

मंग अमरावतीचे आमचे मिस्त्री अब्दुल रहीम. रहीमभाई माणूस सोन्यासारखा, पण बोलणं असं की अर्धं मराठी, अर्धं हिंदी, अन् मधातलं आपण समजून घ्यावं. ते म्हणाले, "देखो भाभी, हे इंजिन बनवण्यात मजा नाई. एक गाडी हाय, मांगून ठोकलेली. मांगचा पार चेंदामेंदा, पर सामने का इंजिन एकदम दुल्हन जैसा. तो लावून देतो."

सासूबाई बाजूलेच. त्याईनं लगेच पदर सावरला अन् विचारलं, "त्या गाडीत कोणी... गेलं तं नाई न?"

"नाई ओ चाची! सब के सब बच गए. एकाचा फक्त चष्मा फुटला."

सासूबाईचं समाधान झालं नाई. रस्ताभर म्हणत होत्या, "चष्मा तं चष्मा. पण दुसऱ्याच्या घरचं काळीज आपल्या घरी येऊन राहिलं वर्षाली, नीट पाहून घेजो." आता मले सांगा, मी मुळातच अशी, की गब्बूले शिंक आली तर मी तीन वेळा कपाळाले हात लावते. त्यात ही अशी वाक्यं! झोप येईन का?

अन् घाई काहून होती तेही सांगते, कारण सगळं घोडं तिथीच अडलं होतं. गब्बूचं जावळ! अकरावा महिना लागलेला. जावळ विषम महिन्यात करतात, अन् आमच्याकडे वर्षाच्या आत झालं पाहिजे, मामाच्या मांडीवर. मामा म्हणजे माहा भाऊ रोहित, अकोल्याले. सोमवारी गब्बूले अकरा महिने पूर्ण, अन् रोहितले सुट्टी रविवारचीच. म्हणजे रविवार गेला की बारावा महिना, सम, चालत नाई. मंग एकदम तिसऱ्या वर्षी! तोवर पोट्ट्यानं काय वेणी घालून फिरावं? आधीच केस डोळ्यावर येतात, बाजारात बाया विचारतात, "काय नाव वं मुलीचं?"

मी म्हटलं एसटीनं जाऊ. झालं! यायच्या नाकाले मिरची लागली. "नवं इंजिन टाकलं अन् एसटीनं जाऊ? लोक काय म्हणतीन?"

लोक! लोकायचंच तर सांगून राहिली न मी. गाडी घरी आली तशी अख्खी गल्ली गोळा. सासूबाईनं ताट आणलं, इंजिनाले हळदकुंकू, नारळ, बोनेट उघडंच. अन् जो येईन तो आत वाकून, "वा वा! काय चकचकते! पहा बरं, कोरं वाटते!" कोणी कोरं म्हणते, कोणी चकचक म्हणते, एक बाई तर म्हणाली "असं इंजिन आपण पाहिलंच नाई!" जशी काही रोज चार इंजिनं पाहते. कोणाचे डोळे कसे, आपल्याले काय माहीत? गब्बूच्या वेळी अशीच सगळी "काय गोरं काय गोरं" करून गेली होती, तर लेकरू रात्रभर रडलं.

म्हणून मी आपलं माहं काम करून घेतलं. सगळे चहाले आत गेल्यावर इंजिनाले काळा धागा बांधला. त्यात बिब्बा ओवलेला. सात वेढे अन् उलटी गाठ. ही गाठ माह्या मायची, हं! ती कोणाले येत नाई. मायनं मले शिकवली, मी रागिणीले शिकवून राहिली. ओढली तर घट्ट होते, सोडायले गेलं तर अजून घट्ट होते. रागिणी बाजूले उभी राहून पाहत होती. मी म्हटलं, कोणाले सांगू नको बरं, धाग्याचं बोलत नसतात.

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी... दिवा लागलेलाच!

आता तो दिवा म्हणजे काय? एक पिवळं चित्र. रागिणी म्हणे, "मम्मी, कासव!" सासूबाई म्हणे, "कासव कायचं, विहिरीवरची मोटर होय ते." मले तर बाप्पा ते पोटावर हात ठेवून बसलेलं माणूस दिसे. अन् हे? यायनं पाहिलं, एक बोट काचेवर टकटक मारलं, अन् म्हणाले, "काही नाई होत. नवं इंजिन हाय, रुळून राहिलं."

रुळून राहिलं! इंजिन होय का नवी सून?

मी म्हटलं, दिवा काहून लागला मंग? तर यायनं काय करावं? माही पर्स उघडली, त्यातलं टिकल्यायचं पाकीट काढलं, त्यातली सगळ्यात मोठी, मरून, जी मी लग्नकार्यासाठी ठेवली होती, ती काढली अन् त्या दिव्यावर लावली! "घे. विझला."

विझला? टिकलीच्या चारी बाजूनं पिवळा उजेड! कपाळावर टिकली अन् मांगून तेज, देवीसारखं! दिवा लागलेलाच! अन् आता तर अजूनच लक्ष तिकडे जाय.

दोन दिवस मी भांडली. गब्बूले मी त्या गाडीत बसवणार नाई, म्हणजे नाई. मंग गेलो अमरावतीले रहीमभाईकडे. मीही गेली, कारण यायच्या भरवशावर सोडलं असतं तर दुसरी टिकली लावून आले असते.

रहीमभाईनं पहिले टिकली पाहिली. सोलून काढली अन् माह्या हातावर ठेवली. "भाभी, हे तुमचं सामान."

मंग त्यायनं एक मशीन काढलं, मोबाईलएवढं, त्याची वायर स्टेअरिंगच्या खाली खुपसली. म्हणाले, "गाडी आपल्याशी नाई बोलत, पर याच्याशी बोलते." गाडीनं काहीतरी आकडे सांगितले. रहीमभाईनं डोकं हलवलं. "हां. पानी का टेम्परेचर बघणारा सेन्सर हाय, त्याचा जवाब येऊन नाई राहिला."

मी म्हटलं, म्हणजे थर्मामीटर?

"हां, समझो थर्मामीटर."

"म्हणजे ताप मोजायचं यंत्रच बंद? मंग ताप हाय का नाई, कसं कळन? आतमधी फणफणून राहिली असन तर?"

हे मांगून, "झालं सुरू."

काहून सुरू होऊ नये? घरी दोन थर्मामीटर ठेवते मी, एकावर विश्वास नाई म्हणून दुसरं. अन् इथी पाच जिवायले घेऊन जाणाऱ्या गाडीचं एकच, तेही मुकं!

रहीमभाईनं बोनेट उघडलं. मी आत, मांडीवर गब्बू, समोर ते झाकण आडवं, मले काय दिसते? नुसता आवाज. काहीतरी ओढलं, काहीतरी दाबलं, "टक" झालं, अन् आले हात पुसत. "पिन निघाली होती. बस. कनेक्शन ढिल्लं." मशीनवर बटण दाबलं... अन् दिवा गेला! गेला वं! मी तिथल्या तिथी गब्बूच्या हातानं नमस्कार केला.

घरी आली. पहिलं काम काय केलं असन मी? बोनेट उघडायले लावलं अन् पाहिलं. धागा नाई! गळून पडला! म्हटलं, हेच ते! धागा तुटला म्हणून दिवा लागला होता! नजर एवढी जबरदस्त की बिब्ब्यासकट धागा गेला! मी गुपचूप दुसरा बांधला. या टाइमले दुहेरी. चौदा वेढे. गाठीवर गाठ.

सकाळी चाबी फिरवली. दिवा लागलेलाच!

पहा! म्हटलं न मी! नजर अजून उतरलीच नाई!

हे एकटे गेले अमरावतीले. संध्याकाळी दिवा विझवून आले. म्हणाले, रहीमभाईनं सेन्सरच नवा टाकला, अन् ज्यानं इंजिन विकलं त्याले फोनवर असं असं बोलले की इथी सांगता येत नाई. मी बोनेट पाहिलं. धागा नाई! अव माय! चौदा वेढ्यायचा धागा नाई! मी तिसरा बांधला. काळा अन् लाल मिळून. बिब्बे दोन.

सकाळी? दिवा लागलेलाच!

आता यायचा चेहरा पाहण्यासारखा झाला. रहीमभाईचा त्याहून. बिचारे यायले म्हणत, "कुलदीपभाई, बाईस साल झाले मले या कामात, असं इंजिन नाई पाहिलं. इथून हसत जाते, तुमच्या घरी रात काढली की रुसते. घरात काय हाय तुमच्या?" अन् तिसऱ्या खेपेले त्यायले रोग सापडला. यायनं घरी येऊन सांगितला. असे दारात उभे राहून, जसा काही निकाल लागला:

"उंदीर!"

सासूबाई म्हणाल्या, "कुठी?"

"गाडीत! उंदीर येते रोज. पिन काढते अन् तिथी घरटं करते. रहीमभाईले तिन्ही वेळा धाग्याचे गुंते सापडले तिथी. काळे. या वेळी तं लालही होता."

तुमी हसू नका. मले तेव्हा खरंच वाटलं नाई की... अवो, माणसाच्या डोक्यात येते का लगेच? मले तर उलट राग आला, म्हटलं मेला उंदीर माहा धागा पळवून राहिला! घरटं करायले माहाच धागा भेटला त्याले!

मंग काय विचारता. चारी चाकापाशी चार पिंजरे. पिंजऱ्यात भजी. सासूबाईनं बोनेटमधी डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तर गाडी अशी वास मारे की आत बसलं की वाटे ट्रंकेत बसलो अन् दिवाळीलेच बाहेर काढतीन. एक पिंजरा यायच्याच पायात अडकला. उंदीर एकही सापडला नाई. भजी मात्र जात होती. ती सासूबाई खात होत्या, हे नंतर कळलं.

अन् मी? मी शनिवारी चौथा धागा बांधला. उंदराच्या तोंडाले कडू लागावं म्हणून त्याले कडुनिंबाचा रस लावून.

आला रविवार! सगळे तयार. गब्बूले नवं झबलं, रागिणीले घागरा, सासूबाईले गुडघ्याचा पट्टा, मांडीवर ताट, मामासाठी कपडे, डब्यात अनारसे. चाबी फिरवली.

दिवा लागलेलाच!

हे म्हणाले, "टिकली दे."

मी म्हटलं, नाई देत.

अमरावतीपर्यंत कशीबशी आली मी, गब्बूले असं धरून की ते पोट्टं घामानं भिजलं. रहीमभाईचं गॅरेज आलं अन् मी उतरलीच. म्हटलं, बस. इथून पुढं अकोला शंभर किलोमीटर. मधात गाडी तापली, पेटली, काही झालं तर? जावळ राहिलं तं राहिलं, पोट्ट्याच्या वेण्या घालीन मी, पण या दिव्यासंगं त्याले नेणार नाई! अन् रडू आलं मले. खरंच आलं. तिकडे रोहितचा फोन वर फोन, "ताई, न्हावी येऊन बसला वं, दुसरा चहा झाला त्याचा."

रविवार, गॅरेज बंद, पण रहीमभाई वरच राहतात. ते खाली आले, बनियनवर. मले रडताना पाहिलं. म्हणाले, "भाभी, रोओ मत. आज तुमी इथी उभ्या राहा, माह्या बाजूले. तुमच्या डोळ्यासमोर दाखवतो त्या उंदराची कारागिरी."

बोनेट उघडलं. पहिल्या टाइमले मी समोर उभी. रहीमभाईनं कैची आत घातली. "हे पहा. पिनचं लॉक दाबलं हरामखोरानं. अन् वरून कसं गुंडाळलं पहा! सात... आठ... दहा... काय उंदीर हाय! अन् गाठ पहा भाभी, गाठ! सुटत नाई! असा होशियार उंदीर मी..."

कच्. धागा त्यायच्या हातात. खाली लटकलेले दोन बिब्बे.

आधीच्या खेपेले ओढताना बिब्बे खाली गळून पडले असतीन, पण उंदीर बिब्बा ओवत नाई, एवढं तर रहीमभाईले समजते. ते बिब्ब्याकडे पाहून राहिले. हे बिब्ब्याकडे पाहून राहिले. सासूबाईनं गाडीतून मान काढली. मी आभाळाकडे पाहून राहिली.

अन् आमची रागिणी, जिले मी सांगितलं होतं की धाग्याचं बोलत नसतात, ती टाळ्या वाजवून म्हणते, "हे तं मम्मीनं बांधलं! मम्मीनं उलटी गाठ मारली! मलेबी येते!"

आता एक बारीक गोष्ट मी तुमाले मघाशी सांगितली नाई. धागा बांधायले मी जागा शोधली तेव्हा विचार केला होता, हं! गरम जागी बांधला तर जळन, फिरत्या पट्ट्यापाशी बांधला तर अडकन. तर कोपऱ्यात एक लहानसं बोंडूक दिसलं, बारीक मानेचं, वायर गेलेली, अगदी गब्बूच्या मनगटासारखं. धागा बसायले मान जरा मोकळी पाहिजे होती, तर तिथली एक चापटी पट्टी मी अंगठ्यानं दाबली. "टक" झालं. मले वाटलं, बसलं नीट.

ते बसलं नव्हतं. निघालं होतं. चारदा काढलं मी. मीच उंदीर!

मंग यायनं जे हसणं सुरू केलं बाप्पा! चाकाले टेकून खाली बसले. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, घरात उंदीर नाई." भजी खाऊन वर हे! मले वाटलं, जमीन फाटली तं बरं. पण रहीमभाई हसले नाई. त्यायनं पिन बसवली, मशीन लावलं, दिवा गेला. अन् मंग काय म्हणाले माहीत हाय? "भाभी, धागा गलत नाई. जगह गलत हाय. अजून हाय का धागा?"

होता. पर्समधी असतेच.

त्यायनं मले समोर आणलं, बंपरच्या खाली ओढायचा हूक असते तो दाखवला. "इथी बांधा. जेवढे वेढे मारायचे तेवढे मारा. माह्या शटरच्या कुलपाले पहा, माह्या घरवालीनं, नईमानं, बांधलेला हाय. मी चाबी लावायच्या आधी रोज त्याच्याशी भांडतो. पर सोडत नाई. घरातल्या बाईनं फिकर करून बांधलेलं असते, त्याले मिस्त्रीनं हात लावू नये."

मी सात वेढे मारले. उलटी गाठ.

अन् अकोल्यापर्यंत दिवा नाई! बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी दर दोन मिनिटाले वाकून पाहून राहिली, दिवा नाई! रोहितच्या मांडीवर जावळ झालं, गब्बू असा रडला, असा रडला, की शेवटी रोहितही रडला. अन् केस गेल्यावर काय डोकं निघालं हो! गोल गरगरीत, मले तर ओळखूच येईना, दोनदा हात फिरवून पाहिला, आपलंच हाय न. गल्लीतल्या बाया पाहून राहिल्या, "अव, पोरगा होय का!" मी इतकी खूश, इतकी खूश, की चार अनारसे खाल्ले. तिकडे अंगणात माही माय रोहितले म्हणून राहिली, "इंजिन नवं टाकलं म्हणते जावईबापूनं? उघड बरं, पाहू दे." पाहा म्हटलं. लेकीची गाडी, कौतुक असते.

निघालो परत. खुशीत कोणाचंच समोर लक्ष नव्हतं; बोरगाव मंजू गेलं अन् यायनं काचेवर टकटक बोट मारलं. मी समोर पाहिलं.

लागलेलाच!

गाडी बाजूले घेतली. उतरलो. बंपरच्या हुकाले माहा धागा जसाच्या तसा. बोनेट उघडलं. तिथीच, त्याच बोंडकाले, कोरा लाल धागा. बिब्बा, वरून एक हिरवी मिरची. सात वेढे. अन् गाठ... ती गाठ मी झोपेत ओळखीन.

मी तिथूनच फोन लावला. माय म्हणते कशी, "हो वं, मीच बांधला! तू येडी, बंपरले कुठी बांधतात का कोणी? धूळ बसते. मी नीट जागा पाहून बांधला, बारीक मान होती, टक करून बसला!"

हे म्हणाले, "सोड तो." मी म्हटलं, तुमी सोडा. हे म्हणाले, "तुह्या मायचा हाय, तू सोड." मी सासूबाईकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे बापा, विहीणबाईले वाईट वाटन." रहीमभाईले फोन केला, ते सगळं ऐकून म्हणाले, "किसने बांधा? मां ने?" अन् एक मोठा श्वास सोडला. "हळू हळू या. मी काही हात लावत नाई."

मंग काय? गाडीत बसलो. पुढं अमरावती, त्याच्या पुढं तिवसा. मी पर्स उघडली, मरून टिकली काढली, जीभ लावली, अन् माह्याच हातानं त्या दिव्यावर लावली.

अन् टिकलीखाली, बाया हो... लागलेलाच!